शंभर अँटेना आणि तुझा एक फोन

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे ऑफिसच्या गच्चीवर मी लोकांचं फोनवरचं बोलणं पकडणाऱ्या शंभर अँटेना बसवल्यात, सगळ्या स्वस्तातल्या. शेजारच्या टेबलावरच्या 'जावईबापू'ला मात्र महागड्या मिळाल्या. साहेबांचा लाडका, म्हणून आम्ही त्याला हे नाव ठेवलंय. महिनाभर मी नुसती जळत होते. मग मोजून पाहिलं, तर दोघांकडे आवाज सारखाच स्पष्ट! माझी प्रत्येक अँटेना थोडी चुकते, पण प्रत्येकीची चूक वेगळी, म्हणून शंभरांत ती जिरून जाते. उरते ती समोरच्याच्या हातातल्या फोनची खोट. तो बिचारा एकटाच, त्याला सांभाळून घेणारं कुणी नाही.

म्हणजे तुझा आवाज चिरका येतो तो तुझ्या जुन्या फोनमुळे. तू करतेस ते वहिनीचं कौतुक तेवढं त्यातूनही स्पष्ट ऐकू येतं, ते सोड.

नवा फोन पाठवतेय. पण तो वहिनीला चालू करायला देऊ नकोस हं. खोका तसाच कपाटात ठेव. सुट्टीत आले की मीच करून देईन.

तोवर चिरका आवाज चालेल मला.

अजून तरी तुझीच,
धाकटी