काम सुरळीत

नागपूर, ४ जानेवारी

ती. दमयंती आत्यास,
रेवाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायचं नाही, म्हणून हे पत्र. सुखरूप पोचले. इथली थंडी पनवेलकरांना झेपणारी नाही.

जहाजं समुद्रात आणि ऑफिस नागपुरात, हे कसलं शहाणपण, असं तू विचारलं होतंस. मागे आखातात गडबड झाली तेव्हा आमचं तिकडचं ऑफिस गप्प झालं आणि गिऱ्हाईकं पळाली. तेव्हापासून उदयसिंह साहेबांनी ठरवलं, की परदेशात बसलेल्या प्रत्येकाला समुद्रापासून लांब एक जोडीदार हवा. लढाई होवो, बंदर बंद पडो, जोडीदाराने त्याच्या जागी काम करायचं आणि बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. मी आखातातल्या बंदरात बसलेल्या तुझ्या मुलाची, इंद्रादादाची जोडीदार. शेठलोकांना तो कसं लिहितो तेही शिकले. दुपारी गिऱ्हाइकांना आणि घरच्यांना त्याचा निरोप येतो ना, ‘काम सुरळीत, सगळे ठीक’, तो परवा सरावासाठी मी पाठवला होता. तुला पत्तासुद्धा लागला नाही. आता बोल.

अनुष्कावहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी रेवा

पनवेल, २ मार्च

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकडे लढाई जुंपली. शेजारच्या नूरुन्निसाचा नवरा यूनुस इंद्राच्याच बंदरात क्रेनवर आहे. त्याचा फोन लागत नाही. ती म्हणते, अख्ख्या गावात वीज नाही, नेट नाही. इंद्राचा निरोप मात्र रोज दुपारी येतो. अनुष्का तो मला दाखवते, मग आम्ही जेवतो. सुरुवातीला मी तो नूरुन्निसाला तोऱ्यात दाखवला. आता ती आली की मोबाइल पदराखाली घेते.

कामाचा निरोप झाला की तो मला वेगळं विचारायचा, कानात थेंब घातलेस का. ते आता येत नाही. निरोप आला की माझ्या अंगावर काटा येतो. सुनेला काही बोलले नाही, ती मोबाइल उराशी धरून बसते. तुझ्या जानेवारीतल्या पत्राचं तेव्हा हसू आलं होतं. रेवा, खरं काय ते लिही.

तुझी आत्या

नागपूर, ७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निरोप मी पाठवते. लढाई सुरू झाल्यापासून दादाचा एक शब्द नाही. साहेब म्हणाले, याच दिवसासाठी तयारी केली होती. तयारी चोख निघाली, आत्या. एकही गिऱ्हाईक गेलं नाही, बैठकीत आमचं कौतुक झालं. दादाला कोण शोधतंय असं विचारलं, तर म्हणाले, ऑफिस चालू दिसतंय, मग तो बेपत्ता आहे असं कळवायचं कसं? बाजारात बोभाटा होईल, थोडं थांबू.

मला भीती वाटते. काल एका शेठने लिहिलं, इंद्रजीतभाई, एवढ्या धामधुमीत तुम्हाला थट्टा सुचते, कमाल आहे. ती थट्टा मीच लिहिली होती, अगदी दादासारखी, आणि ती मला कुणी शिकवलेली नव्हती. परवा निरोपाखाली माझ्या बोटांनी आपसूक लिहिलं, कानात थेंब घातलेस का. पुसलं आणि रडत बसले. मी काय करू?

माया कमी करू नकोस.

रेवा

पनवेल, ११ मार्च

चि. रेवास,
आशीर्वाद. वि. वि.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. तुझं पत्र अनुष्काला वाचायला दिलं. आज पोळ्या लाटता लाटता म्हणाली, कंपनीच्या इथल्या ऑफिसात जाऊ. नूरुन्निसाही आली. यूनुसच्या कंपनीने त्याचं नाव वकिलातीत दिलंय, माणसं तिकडच्या दवाखान्यांतून त्याला शोधत फिरतायत. इंद्राच्या कंपनीतल्या बाईंनी मात्र हसून कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. इंद्राच्या नावापुढे हिरवा दिवा होता. बाई म्हणाल्या, बघा, साहेब कामावर आहेत. अनुष्का त्या दिव्याला हात लावायला गेली.

कामावर आहे तोवर त्याला कुणी शोधणार नाही. येत्या सोमवारी निरोप पाठवू नकोस. आईने असं लिहू नये, पण त्याच्या नावाचा तो दिवाही बंद कर. नोकरी गेली तर पनवेलला ये, माझ्या घरात तुझी जागा आहे. तिथे तू माझी रेवाच राहा.

सोमवारी दुपारी आम्ही तिघी त्या ऑफिसात जाऊन बसणार आहोत. निरोप आला नाही, की मी उठून विचारीन, माझा मुलगा कुठे आहे.

तुझ्यावर माया करणारी,
आत्या