बिब्बा की बर्फ

माय, तुझ्या छातीत जे पाखरू फडफडायचं ना, ते आता माझ्या छातीत येऊन बसलंय. परवा नागपूरला जाऊन त्याचं नाव विचारून आले. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरतात, म्हणाले डॉक्टर. मी थकलेय गं. जिना चढून वर्गावर गेले की फळ्याला टेकून उभी राहते आणि पोरांना वाटतं, बाई काहीतरी आठवतायत.

वणीला जिनिंगच्या फाटकाशी आपलं चहाचं दुकान होतं. कापसाच्या गाड्यांची रांग हलायची नाही, आणि चुलीपुढे बसल्या बसल्या तू छाती दाबून धरायचीस. ती वर्षंच तशी होती. गावोगावी कर्जापायी शेतकरी जीव देत होते, त्यामुळे कुणाचं काहीही दुखलं तरी एकच उत्तर तयार असायचं. शेजारची मावशी म्हणायची, "टेन्शन घेऊन राह्यली तू, दुसरं काई नाई." दवाखान्यातही तेच, वर झोपेची गोळी. तू चिडायचीस. "मले कायचं टेन्शन वं? माह्यी तं जमीनबी नाई!" तुझी नाडी काही कुणी धरून पाहिली नाही.

शेवटी मावशीनंच बिब्बा आणला. दुपारची वेळ, तू चटईवर पडलेली. सुईच्या टोकाला खुपसून तिनं तो दिव्यावर तापवला आणि डाव्या छातीखाली गोल चटके देत गेली, एकाला एक लागून. "हलू नको. एखादा सुटला तं पाखरू तिथूनच निंगते." मी रडतेय. तू ओरडत नाहीस, माझं मनगट मात्र सोडत नाहीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "बसलं वं पाखरू," आणि झोपलीस. मावशीचा बिब्बा वस्तीभर गाजला आणि आपण पुन्हा दवाखान्याकडे फिरकलो नाही. आता कळतंय की हा आजार सुरुवातीला आपला आपण येतो आणि आपला आपण थांबतो. त्या थरथरत्या कप्प्यात रक्ताची गाठ झाली असणार, ती मेंदूत गेली असणार. होळीच्या आधी तुझं अर्धं अंग लुळं पडलं, आणि मग तूच गेलीस.

डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. मांडीतल्या शिरेतून नळी हृदयात न्यायची, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी. गडबड बहुतेक तिथूनच सुरू होते. मग एक तर नळीच्या तापत्या टोकानं शिरेभोवती ठिपक्याला ठिपका लावत जाळायचं, नाहीतर तोंडाशी फुगा बसवून सगळी कड एकदम गोठवायची. गोठवणं लवकर आटपतं, पण श्वासाच्या पडद्याची नस दुखावू शकते. जाळायला वेळ लागतो, मागच्या अन्ननलिकेला फार जपावं लागतं, पण शीर वेडीवाकडी असली तरी टोक पोचतं. "तुमच्या बाबतीत गुण दोन्हींनी साधारण सारखाच येईल, ताई," ते म्हणाले. "जाळताना मधे फट राहिली, तर मात्र पुन्हा करावं लागतं." मी त्या ठिपक्यांच्या गोलाकडे बघत बसले. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. डॉक्टरांना वाटलं, मी घाबरले.

घरी सगळ्यांचा कौल बर्फाला. माझी लेक म्हणते, "जाळून कायले घेतं वं आई? फुगा बरा." मलाही तसंच वाटायला हवं. तुला शेवटची आंघोळ घालताना ते डाग मी पाहिलेत; तेव्हापासून उदबत्तीचा चटकाही मला सोसत नाही. तरी मी जाळायचंच ठरवलंय. आमच्या डॉक्टरांचा हात त्यात बसलाय, असं सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण खरं कारण वेगळंच आहे. त्या दुपारी चटके खाऊन तू जशी झोपलीस, तशी निवांत झोपलेली तू मला आधी किंवा नंतर कधी दिसली नाहीस. मला तेवढंच हवंय. असलं कारण लेकीला कसं सांगू? म्हणून हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.

आणखी एक, माय. परवा दवाखान्यातून निघताना मी नर्सबाईंना हळूच विचारलं, जाळताना माझ्या लेकीला आत माझ्याजवळ बसू द्याल का? नाही म्हणाल्या. मग मी मनगट कुणाचं धरू?