काकांनी हात वर केला तेव्हा

१४ जून, शनिवार
मराठी मंडळाच्या पिकनिकहून आत्ता आले. रेवा वर तिच्या खोलीत. तिचा बाबा, मंदार, हॉस्पिटलमध्ये, वसंतकाकांसोबत. शैलाकाकूंना आत नेलंय. खुब्याचं हाड मोडलंय, बहुतेक.

आजच लिहिते. उद्या लोकांचं ऐकून माझंही वेगळंच होईल.

पार्किंगपासून वरच्या पिकनिक शेडपर्यंत चढ, म्हणून ज्येष्ठांसाठी भाड्याची गोल्फ कार्ट. चालवायला काका, दरवर्षीसारखे. सगळ्यांना वर सोडून खाली येत होते. काकूंचा चष्मा गाडीत राहिला म्हणून त्या शेजारी. मी कोथिंबीरवड्यांचा ट्रे घेऊन चढत होते. समोरासमोर.

"मीनल, थांब तिथेच, वळवतो आणि तुला..." एवढं म्हणाले, हात वर केला. हात वरच राहिला. डोळे माझ्याकडे, पण मला बघत नव्हते. ओठ हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. मी बाजूला उडी मारली. कार्ट रस्ता सोडून गवतात, तशीच खाली, झाडावर. काकू बाहेर फेकल्या गेल्या.

मी धावले. काका जागेवरच बसलेले. "काका, काका" केलं. काही नाही. एवढी शांत नजर. मग हळूहळू आले परत. म्हणाले, "शैला कुठे आहे?"

काकू बाहेर गवतावर, त्यांच्यापासून हातभर, कण्हत होत्या.

लोक पोचेपर्यंत काका सांगायला लागले होते, पाय घसरला, ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं गेलं. सगळ्यांना पटलं. नवीन चपला, स्प्रिंकलरच्या पाण्याने ओल्या. चढावर दुसरं कुणीच नव्हतं. मीच.

१५ जून, रविवार
मंदारला सांगितलं. नीट ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "ऊन किती होतं अगं. आणि तू घाबरलेली. असं एका क्षणात दिसलेलं..."
एक क्षण नव्हता तो.
काकूंचं ऑपरेशन उद्या. काकांना तपासलं, ईसीजी ठीक, सोडलं. त्यांनी तिथेही चपलेचंच सांगितलं. गाडी स्वतः चालवत घरी गेले.
रेवाला स्विमिंगहून मंगळवार-गुरुवार काकाच आणतात. ती सहा वर्षांची असल्यापासून.

१७ जून, मंगळवार
मीटिंग अर्धी टाकून रेवाला आणायला गेले. गाडीत बसता बसता ती म्हणाली, "व्हाय इजंट काका कमिंग? ही ऑलवेज कम्स." म्हटलं, काकू हॉस्पिटलमध्ये आहेत ना.
संध्याकाळी काकांचा फोन. "मी मोकळाच होतो की गं. आणलं असतं पोरीला."
"तुमची धावपळ आहे काका, म्हणून."
मग, "बरं."
मंदार गाडी चालवत असला की त्याच्या तोंडाकडे बघत बसते आता. तो वैतागतो.

१९ जून, गुरुवार
काकूंकडे गेले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. आज वॉकर धरून उभं केलं. चेहरा पार उतरलाय.
काका खाली कॅफेटेरियात गेले तेवढ्यात माझं मनगट धरलं. "तू समोर होतीस. खरं सांग, पाय घसरला यांचा?"
सांगितलं. हात, डोळे, ओठ, सगळं. मला वाटलं रडतील. नुसते डोळे मिटून घेतले.
"मार्चमध्ये चहा गाळत होते. कप भरला, चहा ओट्यावर, ओट्यावरून खाली. हे ओततायत. मी हाक मारली तर ओ नाही. मग म्हणाले, विचारात होतो."
"तुम्ही कुणाला सांगितलं का?"
"कुणाला सांगू? निनादला? तो लगेच गाडी काढून घेईल. मग यांनी काय करायचं? इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत."
निनाद त्यांचा मुलगा, सिअ‍ॅटलला. येतोय म्हणाला होता, काकांनीच थांबवलं.
काका वर आले, माझ्यासाठी कॉफी घेऊन. साखर बरोबर, दूध बरोबर.

२२ जून, रविवार
दुपारी काका घरी आले. काकूंचे कपडे घेऊन हॉस्पिटलला निघाले होते, वाटेत थांबले. बसा म्हटलं, बसले नाहीत. किचनच्या दारात उभे.
"डॉक्टर विचारत होते, कुणी पाहिलं का. मी सांगितलं, कुणी नव्हतं."
"मी होते काका."
"होतीस. पण लांब होतीस."
लांब नव्हते. हात पुढे केला असता तर कार्टला लागला असता.
मग आवाज एकदम बारीक झाला त्यांचा. "मला आठवत नाही गं. तुला हात केला ते आठवतं. त्यानंतर शैला गवतावर. मधलं काहीच नाही. झोपेत निदान झोपलो होतो एवढं तरी कळतं." चावी या हातातून त्या हातात. "तू बोलली नाहीस तर पाय घसरला एवढंच राहील. तेवढं कर माझ्यासाठी."
मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.
ते निघाले. मला घरात राहवेना. माझी गाडी काढली आणि त्यांच्या मागे गेले. का, ते सांगता येत नाही. काही झालं असतं तर मी मागून काय करणार होते?
व्यवस्थित चालवत होते. माझ्यापेक्षा व्यवस्थित. शाळेजवळच्या सिग्नलला थांबले. क्रॉसिंगवर एक बाई बाळाचा स्ट्रोलर घेऊन. ती पलीकडे गेली, हिरवा झाला, काकांची गाडी हलेना. मागचे हॉर्न द्यायला लागले. दार उघडून उतरणार, तेवढ्यात गाडी निघाली.
फोन बघत असतील. कपड्यांची पिशवी सीटवरून पडली असेल. काहीही असेल.
ती बाई अजून क्रॉसिंगवर असती तर.

२३ जून, सोमवार
निनादला फोन केला. मंदारला आधी विचारलं नाही.
काकांचं सगळं सांगितलं त्याला. मग, "मीनलताई, आर यू शुअर? कारण हे एकदा बोललीस की मग..."
"मला काय झालं ते माहीत नाही. काय दिसलं ते माहीत आहे."
बुधवारची फ्लाइट घेतोय.

२७ जून, शुक्रवार
न्यूरॉलॉजिस्ट. निनादने मलाही बोलावलं. काका मधल्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे बघितलंही नाही.
डॉक्टर तरुण बाई. बारीक बारीक विचारलं. कोणता हात? डोळे एका बाजूला वळले होते का? ओठ कसे? करून दाखव म्हणाली. काकांच्या समोर मी ओठ हलवून दाखवले. इतकं वाईट काम आयुष्यात केलं नसेल.
काकूंनी मार्चमधल्या चहाचं सांगितलं का, मी निनादला विचारलं. त्याला ते माहीतच नव्हतं. मग तेही मीच.
कालचा ईईजी, मेंदूचा आलेख, नॉर्मल. एमआरआय नॉर्मल. काका एकदम ताठ झाले, "सी? काही नाही." डॉक्टर म्हणाली, नॉर्मल आला म्हणजे झालं नाही असं नाही. फिट असू शकते, हार्टचा ठोका चुकत असू शकतो, उन्हाने घेरी पण असू शकते. छातीवर मॉनिटर चिकटवलाय. औषध सुरू. पुढे सांगेपर्यंत ड्रायव्हिंग बंद.
लिफ्टमध्ये काकांनी चावी निनादच्या हातात दिली. म्हणाले, "घ्या. साक्ष झाली."

३ जुलै, गुरुवार
निनाद परवा परत गेला. काकांची गाडी आमच्या ड्राइव्हवेमध्ये. काकू रिहॅब सेंटरला, परत चालायला शिकायला. मंदार काकांना रोज संध्याकाळी तिथे सोडतो. काका माझा फोन घेत नाहीत.
मंडळात पण पसरलंय. एकीने भाजीच्या रांगेत विचारलं, "तूच सांगितलंस ना डॉक्टरांना? म्हणजे, चांगलंच केलंस." ते 'म्हणजे' अजून टोचतंय.
रात्री रेवाने विचारलं, "वॉज ही लाइक दॅट विथ मी इन द कार? एव्हर?" मला माहीत नाही म्हटलं. तिला माझ्या शेजारी झोपवलं. मोठी झालीय, तरी आली.

९ जुलै, बुधवार
काकू फोनवर. त्यांनी निनादला स्वतःहून अजून दोनदा झालेलं सांगितलं. एकदा देवळात, एकदा हायवेवर. हायवेवर काकूंनी स्टिअरिंग धरलं होतं.
हायवेवर. मागच्या सीटवर कोण होतं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

१८ जुलै, शुक्रवार
मंदार ऑफिसच्या कामाला बाहेरगावी, म्हणून आज काकांना मी नेलं. वाटलं उबर करतील. दारात उभे होते. पट्टा लावला, डबा मांडीवर. निम्मा रस्ता गेला.
मग समोर बघतच म्हणाले, "तू अगदी जवळून बघितलंस मला."
"हो काका."
"घाबरलेला दिसत होतो का?"
"नाही."
"दुखतंय, असं काही?"
"नाही. शांत होतात."
"शांत," म्हणाले. परत एकदा म्हणाले. "मग मी गेलेलो कुठे असतो गं तेवढ्या वेळात?"
वळण होतं, आरशात बघायचं होतं. वळून झाल्यावर त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत.
मॉनिटर सोमवारी काढला. रिपोर्ट नाही आला अजून. काकू मंगळवारी घरी येणार. वॉकर, जिना, गॅस, आणि दोघंच. निनाद म्हणतो सिअ‍ॅटलला चला. काका नाही म्हणतात.
उतरताना म्हणाले, "आठला येशील ना न्यायला?" म्हटलं, येईन. दार लावून चालायला लागले. मधेच, पार्किंगमध्ये, थांबले. पाठमोरे.
मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.