चार दिवस उभी असलेली भिंत

मिस्त्री,

मी माझ्या हातानं काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. सागवानी पट्टीची दहा फुटी काठी, मधे बिजागरी घालून दुमडणारी, दर फुटाला पितळी खूण ठोकलेली. बिजागरीत सुताचाही फरक नाही, दर वर्षी तपासतो. ऑफिसातलं टेबल आणि त्यामागची फळी. ‘घरे, जागा, गाळे’ हा दारावरचा बोर्ड. अक्षरं एका रंगाऱ्याकडं उभं राहून बघून शिकलो, ‘ळ’ चौथ्या खेपेला जमला. माझ्या घराचा जिना, तेरा पायऱ्या, सगळ्या एका उंचीच्या. जागांच्या नकाशांच्या अकरा वह्या, त्यातलं प्रत्येक माप मी स्वतः घेतलेलं. आणि तुमच्या मलकापुरातल्या घराची पूर्वेची भिंत, जी चार दिवस उभी होती.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या हाताखाली मी तीन वर्षं गवंडीकाम केलं आणि त्या भिंतीवरून सोडलं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं नसेल. आधी कराडात लाकडाच्या वखारीत मापं घ्यायला होतो, आता बारा वर्षं लोकांना घरं आणि जागा दाखवतो. तोंडावर एजंटसाहेब म्हणतात, पाठीमागं दलाल म्हणत असतील. हा धंदा मला कुणी शिकवला नाही. खरेदीखत कसं वाचायचं, उताऱ्यात काय बघायचं, हद्दीचा दगड कसा ओळखायचा, हे मी एकेका चुकीतून शिकलो आणि तसं मी गिऱ्हाइकाला सांगतोही. दुसरे एजंट पावलं टाकून जागा मोजतात. मी काठीशिवाय मोजत नाही.

आमच्या धंद्याचे दिवस म्हणजे होळी ते अक्षय्यतृतीया. उसाची बिलं हातात आलेली असतात, पोरांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, आणि पाडव्याला विसार द्यायचा म्हणून जो तो आधीच्या आठ दिवसांत घाई करतो. ह्या दिवसांत घर बघणं सगळ्यात धोक्याचं, असं माझं मत आहे. ऊन इतकं कडक की भिंतीची ओल दिसत नाही, गळकं छप्पर शहाण्यासारखं वागतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी कोपऱ्यात नेतो आणि चुन्यावरचे जुने डाग दाखवतो. मालक चिडतात. चिडू देत. बारा वर्षांत एक कळलंय, की माणूस कुठून आला हे त्याच्या पहिल्या प्रश्नावरून ओळखू येतं. कडेगावकडचा माणूस घरात शिरला की काही न बोलता नळ उघडून बघतो. सांगलीचा विचारतो, नदीचं पाणी कुठवर येतं. उंब्रजचा व्यापारी रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो, त्याला मागच्या खोल्या दाखवू नयेत. साताऱ्याचे पेन्शनीत निघालेले फौजी कंपाउंडच्या कडेनं एक फेरी मारतात आणि मगच चहाला बसतात. पण ह्या सगळ्यांचा दुसरा प्रश्न एकच असतो: जागा गोमुखी आहे ना?

गोमुखी म्हणजे तोंडाला अरुंद, मागं रुंद, राहायला चांगली. तोंडाला रुंद आणि मागं निमुळती ती वाघमुखी; तिच्यात संसार करू नये, दुकान मात्र जोरात चालतं, असं म्हणतात. मी मानत नाही. पण काठी टाकून जे आहे ते सांगतो.

ह्या वर्षी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी काकी ऑफिसात आल्या. तुमच्यामागं त्या एकट्याच राहत होत्या. मी त्यांना रस्त्यात नमस्कार करायचो, घरी कधी गेलो नव्हतो. खुर्चीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बोर्डाकडं बघत म्हणाल्या, “अक्षर बरं हाय रं तुजं. ह्यांनी बगितलं आसतं तर एखादी तरी चूक काडली आसती.”

“काडली असती,” मी म्हणालो.

“घर इकायचं हाय. लेक म्हनती सांगलीला चल, आता एकली किती दिस ऱ्हानार? तू बग गिऱ्हाईक. पर गोमुखी जागा हाय म्हनून सांग त्यास्नी. मिस्त्रींनी शोधून घेतल्याली. वाघमुखीत मी पाऊल टाकलं नसतं.” मग पिशवीतून खरेदीखत काढून टेबलावर ठेवलं. “ह्यात काय लिवलंय मला वाचता येत न्हाई. तूच बग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेऊन गेलो. काकी गच्चीवर कुरडया घालत होत्या. भिंतीच्या आतून माप घेतलं: समोर एकोणचाळीस फूट, मागं चाळीस, लांबी साठ. मागं फूटभर जास्त, म्हणजे गोमुखी, काकींचं खरं. पण खरेदीखतात समोरची बाजू सेहेचाळीस लिहिलेली. कागदात चुका असतात, सात फुटांची मात्र नसते. म्हणून मी बाहेरच्या बोळात गेलो, तिथं लोक सायकली लावतात, त्या बाजूला केल्या आणि पायानं माती सरकवली. मातीत पायाचे दगड होते. एका रेषेत, रस्त्यापाशी तुमच्या भिंतीपासून सात फूट बाहेर, आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीला येऊन मिळालेले. ते दगड मी बसवले होते. मी माझी दोरी पंचवीस वर्षांनीही ओळखतो.

तेव्हा तुम्ही उंब्रजला एका दुकानाच्या कामावर गेला होता. मला सांगून गेलात, “घरच्या भितीला सुरवात कर, मी चार दिसांत येतो.” मी बावीस वर्षांचा, लग्न ठरलेलं, स्वतःवर खूश. हद्दीचे दोन दगड शोधून काढले, दोरी ताणली, पाया भरला आणि वर तीन थर चढवले. काकी दुपारी डबा घेऊन यायच्या, पण आत येत नव्हत्या; रस्त्यापलीकडं लिंबाखाली डबा ठेवायच्या आणि तिथूनच हाक मारायच्या. मला वाटायचं, धुळीला नाकं मुरडतात. पाचव्या दिवशी तुम्ही येता. सायकलवरून उतरत नाही, एक पाय जमिनीला टेकवून भिंतीकडं बघत राहता.

“ही कुनी लावली?”

“मी.”

“पाड.”

“मिस्त्री, दोरी बगा की. दगडापास्नं दगडापत्तुर सरळ हाय. एक सूत हिकडं तिकडं न्हाई.”

“गड्या, दोरी लावता येती तुला. जागा बगता येत न्हाई. पाड म्हनलं ना?”

मजूर हसले. त्यातला एक म्हणाला, “झालं, इंजिनेराचं काम गेलं.” मी भिंत पाडली, तुम्ही सांगितलेल्या तिरक्या रेषेवर दुसरा पाया खणून दिला आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आलो नाही. आठवड्याची मजुरी द्यायला तुम्ही स्वतः आलात, तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात दिलात आणि काही न बोलता गेलात. मला वाटलं, आधी शीक मग ये, असं सुचवताय. तो ओळंबा मी कधी वापरला नाही. ऑफिसात बोर्डाच्या मागच्या खिळ्याला अडकवून ठेवला आहे.

बोळात उभं राहून मला कळलं की माझी भिंत बरोबर होती. तुम्ही घेतलेली जागा वाघमुखी होती, समोर सेहेचाळीस, मागं चाळीस. सात फुटांची पाचर तुम्ही बाहेर सोडून दिलीत आणि भिंतीच्या आत एक गोमुखी जागा तयार केलीत. खरं कारण सांगितलं असतं तर मजुरांच्या तोंडून ते काकींपर्यंत गेलं असतं. म्हणून माझी चूक काढलीत. पंचवीस वर्षं मी प्रत्येक माप दोनदा घेतो, ते तुमच्या ‘जागा बगता येत न्हाई’ ह्या वाक्यामुळं, आणि ते वाक्य खोटं होतं. मला राग आला नाही, असं मी इथं लिहिणार होतो. आला.

गिऱ्हाईक त्याच आठवड्यात मिळालं. इस्लामपूरकडचे एक बागायतदार, घर पाडून गाळे काढायचे म्हणून आलेले. मी सायकली सारून पुन्हा माप तपासत होतो तेव्हा ते पाठीमागं येऊन उभे राहिले.

“काय एजंटसाहेब, काठी भितीच्या भाईर कशी पडली?”

मी काठी दुमडली, पण त्यांनी दगड बघितले होते. ऑफिसात बसून त्यांनी खरेदीखत वाचलं, बोटांवर हिशोब केला. गाळ्याला अकरा फूट लागतात. एकोणचाळीसात तीन बसतात, सेहेचाळीसात चार. शिवाय दुकानाला वाघमुखी म्हणजे त्यांना देवच पावला. “म्हातारीला तीन गाळ्यांचा भाव सांगा,” ते म्हणाले, “तिला तरी कुटं ठावं हाय? आनि सांगितलं तर तिलाच वाईट वाटंल बगा, जलमभर वाघमुखीत काडला म्हनून. तुमचं आमी बगतू.”

त्यांचं शेवटचं बोलणं मला खोडता आलं नाही. किंमत सांगायची तर तुमचं गुपित सांगावं लागणार होतं. गप्प राहिलो तर काकींचा तोटा होणार होता, पण तुम्ही बांधलेलं गोमुखी घर त्यांच्या मनात तसंच राहणार होतं.

शेवटी पाडव्याच्या आधी दोन दिवस मी काकींकडं गेलो. कुरडया डब्यात भरणं चाललं होतं. मी नकाशाची वही उघडली, काठीची मापं एकेक करून सांगितली, तीन गाळे की चार हा बागायतदारांचा हिशोबही सांगितला, आणि मग म्हणालो, “काकी, ही जागा मुळात वाघमुखी आहे. मिस्त्रींनी तुमच्यासाठी भिंत आत घेतली.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मला काय सांगतोस? तू भीत पाडत हुतास तवा मी लिंबाखाली डबा घिऊन हुबी हुते न्हवं?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“आरं, जागा घेतली तवाच शेजारणीनं सांगितलं, वाघमुखी हाय. म्हनून तर मी आत येत न्हवते. भीत आत आली, तवा मी आत आले. त्यांनी मला कदी सांगितलं न्हाई, मी त्यास्नी कदी इचारलं न्हाई. आनि तू रं, येवडा श्याना, तुला आज कळलं व्हय?”

मी वही मिटली.

“मग चवथ्या गाळ्याचं पैसं सोडायचं व्हय?” त्या म्हणाल्या. “वाघमुखीच हाय म्हनून सांग त्या बागायतदाराला. दुकानाला लय चांगली आसती म्हनावं.”

बागायतदारांनी चार गाळ्यांचा भाव दिला. कुरकुर केली आणि विसार पाडव्याऐवजी अक्षय्यतृतीयेला आणला, एवढंच. काकी गेल्या आठवड्यात सांगलीला गेल्या. जाताना कुरडयांचा एक डबा माझ्याकडं ठेवून गेल्या, डबा परत पाठव असं दोनदा बजावून. भिंत पुढच्या महिन्यात पडेल. ह्या वेळी मला कुणी पाडायला सांगितलेली नाही.

हे पत्र अकराव्या वहीत, तुमच्या जागेच्या नकाशाला टाचून ठेवतो आहे. नकाशावर दोन्ही रेषा काढल्यात, माझी सरळ आणि तुमची तिरकी. एक लिहायचं राहिलं. बागायतदारांना मी त्याच दिवशी नाही म्हटलं नाही, चार दिवस घेतले. तुमचं गुपित जपायचं म्हणून घेतले असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मजूर हसले होते ते मला ऐकू येत होतं, आणि माझी रेषा तुम्ही चूक ठरवलीत, तर तुमच्या जागेला एकोणचाळीसच फूट धरावेत असं वाटत होतं. पाचव्या दिवशी नको म्हणून सांगितलं. नको म्हटलं ते हे: बोली तीन गाळ्यांची, कागद चार गाळ्यांचा, आणि माझ्या हातात रोख चाळीस हजार.