ओळीनं घेतलेले प्लॉट

बाबा, काल आपलं घर पाहायला एक जोडपं आलं होतं. तो तळेगावचा, ती जामकडची, दोघंही सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला. तुम्ही असतात तर चहाच्या आधी तासभर व्याख्यान दिलं असतंत. लेआउटमध्ये प्लॉट घ्यावा, सोसायटीत शिरावं की फ्लॅट बघावा, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही फुकट सल्ला द्यायचात. तुम्ही सांभाळायचात त्या दवाखान्याच्या स्टोअरमध्ये गोळ्यांपेक्षा तुमचा सल्लाच जास्त खपतो, असं आई म्हणायची.

तो सल्ला तरी काय, एकच. "घर नाई पाह्यचं, शेजारी पाह्यचा." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमची निवृत्ती जवळ आली, क्वार्टर सोडायची वेळ दिसू लागली, तेव्हा तुम्ही आपली शेजाऱ्यांची अख्खी ओळ उचलून एकाच लेआउटमध्ये नेलीत. वर प्लॉटही क्वार्टरच्या क्रमानंच वाटून घेतलेत. डावीकडे एक्स-रेवाले काका, उजवीकडे मेट्रनबाई, समोर ड्रायव्हरकाका. चिठ्ठ्या टाकू म्हणणाऱ्यावर किती भडकला होतात! "काऊन? या वयात नवे शेजारी करून काय करू मी?" मला दिसतंय, आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मला, इन्कम टॅक्स शिकवता आहात. "तुहं नाव घरावरही पाह्यजे अन् कर्जावरही, तवाच व्याजाची सूट भेटते पोरी. अन् घर पुरं झाल्याबिगर नाई." मार्चअखेर तोंडावर आली होती. रंगाचा वास जायच्या आत आपण राहायला गेलो.

सुरुवातीची वर्षं छान गेली, हे मला नाकारता येत नाही. कोणाचं वरण करपलं तरी ओळभर कळायचं. पण सगळे एकाच वयाचे आहेत, हे तुमच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही. बरोबरीनं निवृत्त झालेली माणसं बरोबरीनंच म्हातारी झाली. मुलं पुण्याला, नागपूरला पांगली. आधी एक्स-रेवाले काका गेले, मग तुम्ही, मग पाळीपाळीनं बाकीचे. उरलेल्यांना मुलं घेऊन गेली. आता ओळीत आई एकटी. कुलूप लावून जाणारा प्रत्येक जण किल्ली तिच्याकडे ठेवून गेला. पावसाळा सरला की ती एकेक घर उघडते, झाडते, हवा देते आणि पुन्हा बंद करते. मला ते बघवत नाही. माझ्याकडे नागपूरला चल म्हटलं तर म्हणते, "आपल्याही घराले कुलूप लावू? नाई बाई. विकलं त येतो." आणि अशा ओसाड लेआउटमध्ये घर घेतंय कोण?

कालची मुलगी हुशार होती. तयार घरावर कर्ज मिळेल का, व्याजाची सूट मिळेल का, सगळं विचारलं. मीही अगदी तुमच्या थाटात उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "अन् शेजार कसा आहे ताई?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "मोठे चांगले लोकं हायेत सारे."

मुलगी खिडकीतून समोरच्या कुलपाकडे बघत राहिली. मग तिनं मला हळूच विचारलं, "तुम्ही राह्यल्या असत्या का इथं?"

माझ्या तोंडून "नाही" निघून गेलं. आई ऐकत होती.

ती दोघं चहा न घेताच गेली. फोन करतो म्हणाली. करणार नाहीत. त्यांच्यानंतर कोणी येईल असंही मला वाटत नाही. आई आता रागावणार, असं वाटून मी मान खाली घालून बसले होते. ती गॅस बंद करून आली, माझ्याशेजारी टेकली.

"बराबर बोलली तू. मलेही करमत नाई इथं. लय वर्षं झाले." मग म्हणाली, "पण तुह्या बाबाले नोको सांगू. त्यायले वाईट वाटन."

नाही सांगत, असं मी कबूल केलं होतं, बाबा. एक दिवसही पोटात राहिलं नाही.