उसात उतरणारी पाखरं

तुरेन, ९ मार्च

प्रिय लेऑन्सिओ,

देव तुझं भलं करो. हे सवयीनं लिहिलं. राग अजून गेलेला नाही.

माझं बरं आहे. गुडघा दुखतो, कोंबड्या अंडी देतात.

रविवारी माझ्या ओसरीवर उभा राहून तू म्हणालास, "ताई, ही भातखाऊ पाखरं दिवसा माझं भात खातात आणि झोपायला तुझ्या उसात येतात. फवारू दे. एका संध्याकाळचं काम!" मी नाही म्हटलं, तर म्हणे, "भाऊजी गेल्यापासून तुला पाखरांशिवाय कोणी उरलं नाही." नन्सनी शाळेत मला एकही शिवी शिकवली नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

ज्यांना मारायला निघालास त्यांना एकदा नीट बघ तरी. चिमणीएवढा जीव, खांद्यावर विटकरी रंग. परत जायचे दिवस आले की नरांची छाती पिवळी होते, गळ्याखाली काळा ठिपका उमटतो. उजाडताच निघतात, दिवसभर दाणे टिपतात. हो, तुझेच, मी कुठे नाकारते? दिवेलागणीला थव्यांमागून थवे उतरतात आणि अख्खा ऊस तापल्या तेलासारखा चरचरतो. एप्रिलात ती उत्तरेच्या गवताळ रानांत घरटी करायला जातील. तेवढी कळ काढ. तुझी तूट माझ्या उसातून भरून देते.

"विष पाखरांना, तुला काय त्याचं?" असंही वर विचारलंस.

मला काय! कॉफीचा कप तू दोन्ही हातांनी धरला होतास, तरी निम्मी बशीत सांडली. मी मुद्दाम उसाकडे बघत राहिले. उबाल्डा तुझी बायको आहे, पण आधी माझी मैत्रीण आहे. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं मला सांगितलंय. फवारणीच्या औषधाच्या वाऱ्यालाही तू उभं राहायचं नाहीस. मजूर तयार होत नाहीत, म्हणजे पंप पाठीला लावून तूच जाणार. शेवटी शेवटी बाबांना शर्टाची बटणं कोण लावून देत होतं, आठवतं? पाखरांसाठी भांडले ते खरंच, पण निम्मंच खरं.

उद्यापासून रोज संध्याकाळी मी बांधावर खुर्ची टाकून बसणार आहे. पंप घेऊन आलास तर आधी माझ्यावर फवारावं लागेल. रिकाम्या पाठीनं आलास तर तुझ्यासाठीही खुर्ची असेल.

वयानं मोठी, म्हणून तुझ्याआधी जायचा हक्क अजिबात न सोडणारी,
तुझी ताई
एर्मेलिंडा