कोठडीच्या दाराची चाचणी

३ मार्च, सोमवार
वसईत आलो, एकदम झकास वाटतंय. नव्या न्यायालयाच्या बांधकामावर मी मुख्य आर्किटेक्ट. सुपरवायझर शत्रुघ्नकाकांनी पहिल्याच दिवशी सुकेळी, इथली वाळवलेली केळी, खायला घातली. आराखडाही चोख: न्यायाधीश, पक्षकार, आरोपी, तिघांच्या वाटा वेगळ्या, कुठेच गाठ पडत नाही. काका म्हणाले, हे सगळं डोकं आपल्या फेलिशियाचं. म्हणजे माझ्या हाताखालची पोरगी, इथल्याच होळी गावची.

१२ मार्च, बुधवार
उठता बसता फेलिशिया. इमारतीच्या चौकातलं जुनं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, तिने बुजवू दिलं नाही. त्या पाण्यावरून गार वारा आत येतो, निम्मे एसी वाचले. पोरीने पानी राखलं, म्हणून काका गावभर सांगतात. मग मी पंधरा वर्षं काय गोट्या खेळलो? पाहणीला आलेल्या न्यायाधीशबाई माझ्याशी दोन शब्द बोलल्या, तिच्याशी तासभर. जळतो मी तिच्यावर. इथे तरी खरं लिहावं.

२ एप्रिल, बुधवार
सोमवारी न्यायाधीशांपुढे सादरीकरण. तिनेच करायचं, असं वरून कळवलंय.

४ एप्रिल, शुक्रवार
दुपारी सगळे गेल्यावर आम्ही दोघांनी आरोपींच्या कोठडीच्या दाराची चाचणी घेतली. आतला आरडाओरडा कोर्टात पोचता कामा नये. एकाने आत ओरडायचं, दुसऱ्याने बाहेर मोजायचं. आवाज मोजायचं ॲप तिच्या फोनमध्ये, म्हणून फोन माझ्या हातात देऊन ती आत गेली. ते दार आतून उघडत नाही. मी दार लावलं, बाहेरून कडी घातली. काही ऐकू आलं नाही, इतकं पक्कं काम तिचं.
तसाच घरी आलो. ती परस्पर गोव्याला मावशीकडे जाणार होती. सोमवारपर्यंत कोणी शोधणार नाही.

५ एप्रिल
आत पाणी नाही. हवाही — जायला हवं. गेलो नाही.

७ एप्रिल, सोमवार
सादरीकरण तिने केलं. अंगात शुक्रवारचाच कुडता. काकांनी पाणी दिलं, ती पीतच राहिली, अख्खा जग संपवला. आजही टाळ्या तिलाच. जाताना माझ्याकडून फोन मागून घेतला.

दुपारी
कोठडीपाशी आलोय. बाहेरची कडी लावलेलीच आहे. मग तिला सोडवलं कोणी —
उघडलं.
ती आत आहे. दाराशी पडलेली, अंगात तोच कुडता, थंडगार. नखं —
मागे पॅसेजमध्ये चपला वाजतायत. फेलिशिया म्हणतेय, दादा, आता तुम्ही ओरडा, मी मोजते. मी आत कधी — दार —